वाळूवरची अक्षरे

धन दुसऱ्याला दिले म्हणजे आपल्याजवळचे तेवढे कमी होते. विद्या मात्र दिल्याने वाढते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. शिकविणाऱ्याला तो विषय आधी स्वतः नीट समजून घ्यावा लागतो. समोरच्याला तो का कळत नाही, ह्याचा विचार करावा लागतो. आणि असा विचार करता करता त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. ह्या साध्या अनुभवाच्या पायावर संपूर्ण शाळेची व्यवस्था उभी करण्याचा प्रयोग अठराव्या शतकाच्या अखेरीस एका शिक्षकाने केला. त्यांचे नाव अँड्र्यू बेल. ते मूळचे स्कॉटलंडचे. पण त्यांच्या प्रयोगाची जन्मभूमी म्हणजे आपल्या देशातील मद्रास शहर, म्हणजेच आजचे चेन्नई.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे एक लहानसे, परंतु पुरातन नगर आहे. तेथील विद्यापीठ पंधराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. ह्या नगरात २७ मार्च १७५३ रोजी अँड्र्यूचा जन्म झाला. त्याचे वडील केस कापण्याचा आणि केसांचे टोप तयार करण्याचा व्यवसाय करीत. ते मोठे कल्पक गृहस्थ होते आणि त्यांना यंत्रांची फार आवड होती. ही आवड मुलातही उतरली.

अँड्र्यू बुद्धिमान होता. परंतु शाळेचे दिवस त्याला सुखाचे गेले नाहीत. त्या काळी पाठांतर हेच शिक्षणाचे मुख्य अंग मानले जाई, आणि पाठ चुकला की छडी बसे. न समजलेले नियम अँड्र्यूच्या ध्यानात राहत नसत. त्यामुळे शाळेची वाट चालताना त्याच्या मनात नेहमी भीती दाटलेली असे. लहानपणी भोगलेले दुःख काही माणसांना कठोर बनविते, तर काहींना विचार करावयास लावते. बेल ह्यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली. मुलाला न कळण्याचा दोष नेहमी मुलाकडेच असतो असे नाही, शिकविण्याच्या पद्धतीकडेही तो असू शकतो, ही जाणीव त्यांच्या मनात पुढे कायम राहिली.

१७६९ साली त्यांनी सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात प्रवेश केला. गणित आणि पदार्थविज्ञान ह्या विषयांत त्यांनी तेथे चांगले नाव मिळविले. १७७४ मध्ये ते अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात गेले आणि एका जमीनदाराच्या मुलांना शिकवू लागले. पुढे अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. १७८१ साली बेल स्वदेशी परतण्यास निघाले. तेव्हा वाटेत त्यांचे जहाज नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर फुटले. कडाक्याच्या थंडीत त्यांना अनेक हाल सोसावे लागले. ह्या संकटातून सुखरूप परत आल्यावर त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. परंतु त्यांचा ओढा देशोदेशी जाण्याकडे होता. १७८७ साली ते हिंदुस्थानास निघाले. त्यांना जावयाचे होते कलकत्त्यास. पण त्यांचे जहाज मद्रासला लागले आणि त्यांचा मुक्काम तेथेच पडला. तो मुक्काम नऊ वर्षे टिकला.

मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत बेल ह्यांना धर्मोपदेशकाचे काम मिळाले. आपल्याबरोबर आणलेली उपकरणे मांडून ते विज्ञानावर व्याख्यानेही देत. त्यांतून त्यांना पैसा आणि मान दोन्ही मिळू लागले. ह्याच सुमारास शहराच्या एगमोर भागात सैनिकांच्या मुलांसाठी एक अनाथाश्रम उघडण्यात आला होता. येथील बहुतेक मुलांचे वडील गोरे सैनिक होते आणि माता हिंदी होत्या. काहींचे वडील लढाईत किंवा आजाराने मरण पावले होते. काहींना वडिलांनी टाकून दिले होते. ह्या मुलांना ना इंग्रजांच्या समाजात स्थान होते, ना हिंदी समाजात. ही मुले स्वभावतःच मंद आणि अविश्वासू असतात, असे पुष्कळ लोक उघडपणे बोलत. १७८९ साली बेल ह्यांच्याकडे ह्या आश्रमाच्या देखरेखीचे काम आले. त्यासाठी देऊ केलेले वेतन त्यांनी नाकारले आणि ते काम विनामूल्य पत्करले.

आश्रमातील शाळेची स्थिती समाधानकारक नव्हती. तेथील शिक्षकांना शिकविण्याचे शिक्षण मिळालेले नव्हते आणि मुलांविषयी आस्थाही नव्हती. सर्वांत खालच्या वर्गात तर मुळाक्षरे शिकण्यातच महिनेच्या महिने जात. मुले अक्षरांकडे पाहत, शिक्षकामागून ती मोठ्याने म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी विसरून जात.

एके दिवशी सकाळी बेल घोड्यावर बसून फिरावयास गेले असता वाटेत त्यांना एक गावठी शाळा दिसली. तामीळ मुलुखात अशा शाळा घरापुढील ओट्यावर भरत. त्या ओट्याला तेथे तिण्णै म्हणतात, म्हणून त्या शाळाही तिण्णै शाळा ह्या नावाने ओळखल्या जात. लहान लहान मुले जमिनीवर ओळीने बसली होती. त्यांच्यापुढे वाळू पसरलेली होती. प्रत्येक मूल तोंडाने अक्षर म्हणत होते आणि त्याच वेळी बोटाने ते वाळूत काढीत होते. अक्षर चुकले तर हाताने वाळू सारखी करावयाची आणि पुन्हा काढावयाचे. कागद नाही, शाई नाही, लेखणी नाही, चुकीचा डाग नाही आणि खर्चही नाही. डोळा, कान, जीभ आणि हात ही चारही एकाच वेळी शिकत होती.

आपल्या महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळांतून हीच रीत होती. धूळपाटीवर अक्षरे गिरविल्यावाचून त्या काळी कोणाचे शिक्षण सुरू होत नसे. आपल्या लोकांना ह्या गोष्टीत काही विशेष वाटण्याचे कारण नव्हते. परंतु रोजच्या परिचयामुळे ज्या गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही, तिचे महत्त्व कित्येकदा परक्याच्या नजरेला चटकन दिसते. बेल आनंदाने आश्रमात परतले. वाळू आणवून ती फळीवर पसरावी आणि खालच्या वर्गातील मुलांना तिच्यावर बोटाने अक्षरे काढावयास लावावे, अशी सूचना त्यांनी त्या वर्गाच्या शिक्षकाला दिली.

शिक्षकाला ती सूचना रुचली नाही. असे काही होणे शक्य नाही, असे त्याने सांगून टाकले. बेल ह्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिले; पण जुनी वाट सोडण्याची त्याची तयारी नव्हती. आता दोनच मार्ग उरले होते. एक, ही कल्पना सोडून देणे. आणि दुसरा, जुन्या सवयींनी जखडलेला नाही असा शिक्षक शोधणे. बेल ह्यांनी दुसरा मार्ग पत्करला, आणि त्यांनी शोधलेला शिक्षक होता आठ वर्षांचा!

त्याचे नाव जॉन फ्रिस्किन. तो एका साध्या शिपायाचा मुलगा होता आणि त्याच शाळेत शिकत होता. बेल ह्यांनी त्याला जवळ बोलावून वाळूवर अक्षर कसे काढून दाखवावे, मुलांकडून ते कसे काढून घ्यावे, चुकल्यास कसे सुधारावे, हे सर्व समजावून दिले. मग मुळाक्षरांचा वर्ग त्याच्या स्वाधीन केला. काम नीट न झाल्यास त्याचा दोष मुलाकडे जाणार नाही, तो आपल्याकडेच येईल, अशा धीराने त्यांनी त्याला पाठिंबा दिला. जे मोठ्या शिक्षकाला अशक्य वाटले, ते ह्या लहान मुलाने करून दाखविले. खालच्या वर्गातील मुले भराभर अक्षरे शिकू लागली. फ्रिस्किनला स्वतःला ती अक्षरे शिकून फार दिवस झाले नव्हते. त्यामुळे अडचण नेमकी कोठे येते, हे त्याला चांगले आठवत होते. शिवाय त्याची भीती कोणाला वाटत नव्हती.

ह्या यशाने बेल ह्यांचा विश्वास वाढला. त्यांनी हळूहळू एकेका वर्गावर विद्यार्थ्यांतूनच शिक्षक नेमण्यास सुरुवात केली. थोड्याच वर्षांत सुमारे दोनशे मुलांची ती शाळा बहुतांशी मुलांच्याच हातांनी चालू लागली. ह्या बालशिक्षकांचे वय सात-आठ वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंत असे.

ह्या शाळेची रचना मोठी शिस्तबद्ध होती. वयाप्रमाणे वर्ग न पाडता मुलाला किती येते हे पाहून त्याचा वर्ग ठरे. प्रत्येक वर्गात हुशार मुलगा आणि कच्चा मुलगा ह्यांची जोडी लावलेली असे. कच्च्या सोबत्याचा पाठ तयार करून घेणे, ही हुशार मुलाची जबाबदारी असे. वर्गावर एक बालशिक्षक आणि त्याच्या मदतीला एक साहाय्यक असे. त्यांच्या कामावर मोठ्या शिक्षकांची नजर असे आणि सर्वांवर मुख्य देखरेख बेल ह्यांची असे. धडे लहान लहान केलेले असत. एक धडा पुरता आल्याशिवाय दुसरा सुरू होत नसे. रोज किती पाठ झाला, हे वहीत नोंदविले जाई. त्यामुळे कोणता वर्ग पुढे सरकतो आहे आणि कोणता अडला आहे, हे तत्काळ कळे. वर्गात पहिला येणारा मुलगा वरच्या वर्गात जाई, तर मागे पडणाऱ्याला खालच्या वर्गात बसून पाया पक्का करावा लागे.

शिस्तीच्या बाबतीतही बेल ह्यांनी नवी वाट धरली. स्वतः खाल्लेल्या माराची आठवण ते विसरले नव्हते. एखाद्या मुलाने अपराध केला, तर त्याची नोंद एका वहीत होई. मग ठरलेल्या दिवशी ती नोंद सर्वांसमोर वाचली जाई आणि मुलांमधूनच निवडलेले पंच अपराधाचा निवाडा करीत. आपल्या सोबत्यांपुढे उभे राहावे लागणार, ही जाणीव छडीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली, आणि शिक्षा करण्याचे प्रसंग पुष्कळच कमी झाले.

ज्यांना लोक मंद आणि अविश्वासू म्हणत होते, त्या मुलांचे रूप आता बदलले. जबाबदारी हाती आल्यावर ती जबाबदारीने वागू लागली. ह्याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १७९२ च्या तहाप्रमाणे टिपू सुलतानाचे दोन पुत्र इंग्रजांकडे ओलीस होते. १७९४ साली त्यांना पित्याकडे परत पोहोचविण्यात आले. त्या वेळी विज्ञानाची काही उपकरणेही टिपूला दाखविण्यासाठी नेण्यात आली. ती मांडून प्रयोग करून दाखविण्याचे काम बेल ह्यांच्या शाळेत शिकलेल्या विल्यम स्मिथ नावाच्या तरुणावर सोपविण्यात आले होते. स्मिथने म्हैसूरच्या त्या चाणाक्ष सुलतानापुढे आपले प्रयोग करून दाखविले आणि तेथील हकीकत आपल्या गुरूंना पत्राने कळविली. काही वर्षांपूर्वी ज्या मुलांकडून कोणालाच आशा नव्हती, त्यांच्यापैकीच तो एक होता.

प्रकृती बिघडल्यामुळे १७९६ साली बेल ह्यांनी मद्रास सोडले. दुसऱ्याच वर्षी, १७९७ मध्ये, लंडन येथे त्यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त एका छोट्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केला. ह्या रीतीला ते मद्रास पद्धती म्हणत. १७९८ साली लंडनमधील एका शाळेत ती सुरू झाली; तरी आरंभी तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८०१ मध्ये बेल इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्वॅनेज ह्या गावी धर्मोपदेशक म्हणून राहावयास गेले. तेथेही त्यांनी शाळांत आपली पद्धती चालू केली. त्याच वेळी देवीची लस नवीनच निघाली होती. बेल ह्यांनी स्वतः पुष्कळ गावकऱ्यांना ती टोचली.

त्या काळी इंग्लंडमध्ये कारखाने वाढत होते. गरीब लोकांची मुले कामावर तरी जात किंवा रस्त्यावर तरी भटकत. त्यांना शिकविण्यास ना पुरेशा शाळा होत्या, ना पुरेसे शिक्षक. लंडनच्या सदर्क भागात जोसेफ लँकेस्टर ह्या तरुणाने १७९८ च्या सुमारास अशा मुलांसाठी शाळा काढली. मुलांची गर्दी इतकी वाढली की पगारी शिक्षक ठेवणे त्याला अशक्य झाले. तेव्हा त्यानेही मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवून त्यांच्यामार्फत लहानांना शिकविण्याचा उपाय योजला. एका विस्तीर्ण दालनात शेकडो मुले बसत. वर्गनायक त्यांच्या तुकड्या सांभाळीत आणि भिंतीवर टांगलेल्या मोठ्या तक्त्यांवरून धडे देत. १८०४ साली लँकेस्टर स्वॅनेजला जाऊन बेल ह्यांना भेटला. प्रारंभी दोघांत स्नेह होता. परंतु पुढे ही पद्धती मूळ कोणाची, ह्यावरून त्यांच्यात वाद माजला. त्याला धर्मपंथांच्या भेदाची जोड मिळाली आणि इंग्लंडमध्ये दोन तट पडले. लँकेस्टरच्या बाजूने एक संस्था उभी राहिली, तर १८११ साली बेल ह्यांच्या बाजूने राष्ट्रीय शिक्षण संस्था स्थापन झाली. ह्या चढाओढीतून एक चांगली गोष्ट मात्र निष्पन्न झाली. गावोगाव हजारो शाळा निघाल्या आणि ज्यांच्या घरात कधी अक्षर शिरले नव्हते अशी असंख्य मुले वाचू लागली.

ही पद्धती युरोप आणि अमेरिकेत पसरली आणि फिरून हिंदुस्थानातही आली. १८१५ साली मुंबईत स्थापन झालेल्या शिक्षण संस्थेने आपल्या शाळांत बेल ह्यांच्या पद्धतीचा अवलंब केला. १८२२ मध्ये तेथे निघालेल्या शाळापुस्तक मंडळीनेही मराठी आणि गुजराती शाळांसाठी लँकेस्टरच्या पद्धतीचा पुरस्कार केला. आपल्या शाळांतील मॉनिटर ह्या शब्दाचा ह्या पद्धतीशी जवळचा संबंध आहे.

पण खरे पाहता ही कल्पना हिंदुस्थानला नवी नव्हती. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६२३ साली कानडी मुलुखात आला होता. एका देवळाच्या ओसरीवर त्याने काही मुले पाहिली होती. जवळ कोणी गुरू नसताना ती वाळूत आकडे काढून, सुरात म्हणून, एकमेकांकडून पाठ पक्का करून घेत होती. आपल्या गावठी शाळांतून वडील विद्यार्थ्यांनी धाकट्यांचा पाठ घ्यावा, हा जुनाच शिरस्ता होता. बेल ह्यांनी त्याला नियमांची चौकट दिली, त्याचे बारकावे लिहून ठेवले आणि तो जगापुढे मांडला. हे त्यांचे श्रेय मोठे आहे. परंतु ज्या अज्ञात पंतोजींनी आणि त्यांच्या शिष्यांनी ही रीत शतकानुशतके चालविली, त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

बेल ह्यांच्या कार्याला काही मर्यादा होत्या. उतारवयात त्यांना आपल्या पद्धतीचा फाजील अभिमान वाटू लागला आणि दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे त्यांना जड जाऊ लागले. गरिबांच्या सर्वच मुलांना लेखन आणि गणित शिकविण्याची गरज नाही, असेही मत त्यांनी एका काळी मांडले होते. शिपायाच्या मुलावर विश्वास ठेवणाऱ्या ह्या शिक्षकाने असे म्हणावे, ही खेदाची गोष्ट आहे. पद्धतीतही दोष शिरले. शाळा जसजशा मोठ्या होत गेल्या, तसतसे बालशिक्षकांना तयार करण्याकडे दुर्लक्ष होऊ लागले. मद्रासला बेल ह्यांनी फ्रिस्किनला जवळ बसवून शिकविले होते. पण जेथे एका शिक्षकाकडे शेकडो मुले असत, तेथे हे कसे घडावे? वर्गनायक स्वतःच कच्चे राहू लागले, आणि शिकविणे म्हणजे केवळ घोकून घेणे असे होऊन बसले. ही उणीव दूर करण्यासाठी इंग्लंडमध्ये १८४६ साली नवी योजना निघाली. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या निवडक विद्यार्थ्यांना पाच वर्षे उमेदवार शिक्षक म्हणून ठेवण्यात येई. दिवसा ते लहान मुलांना शिकवीत, आणि त्यांना स्वतःला मुख्याध्यापक रोज दीड तास शिकवीत. शिकविणाऱ्याचे शिक्षण कधी थांबता कामा नये, हा धडा ह्या अनुभवातून मिळाला.

ही योजना पाहण्यास बेल मात्र हयात नव्हते. २७ जानेवारी १८३२ रोजी चेल्टनहॅम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील थोर पुरुषांच्या समाधींसाठी प्रसिद्ध असलेल्या वेस्टमिन्स्टर ॲबे ह्या मंदिरात त्यांचे दफन करण्यात आले. आयुष्यात जमविलेली सुमारे १,२०,००० पौंडांची संपत्ती त्यांनी शिक्षणकार्यासाठी ठेवली होती. तिच्यातून त्यांच्या जन्मगावी, सेंट अँड्र्यूज येथे, एक शाळा उभी राहिली. त्या शाळेचे नाव मद्रास कॉलेज. स्कॉटलंडच्या थंड समुद्रकिनाऱ्यावरील ह्या शाळेला आपल्या देशातील एका शहराचे नाव का, असा प्रश्न एखाद्या प्रवाशाला पडला, तर त्याचे उत्तर तिण्णै शाळेच्या ओट्यावर पसरलेल्या वाळूत सापडेल.

वाळूवरची अक्षरे क्षणात पुसली जातात. पण ती काढणाऱ्या मनावर उमटलेली अक्षरे टिकून राहतात. मोठ्या मुलाने लहान मुलाचा हात धरून पहिले अक्षर काढून घेतले, म्हणजे धाकट्याला विद्या मिळते आणि थोरल्याला जबाबदारीची ओळख होते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. मोठ्यांनी विश्वास टाकला पाहिजे, आणि ज्याच्यावर तो टाकला त्याला प्रेमाने तयार केले पाहिजे. जेथे ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेथे आठ वर्षांचा एक अनाथ मुलगाही शिक्षक होऊ शकला.